इंग्रजीतली उभयान्वयी अव्ययं आणि मराठीची दुहेरी गाठ

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: दहावीच्या मुलांना कंजंक्शनचे, म्हणजे उभयान्वयी अव्ययांचे प्रकार तोंडपाठ आहेत. को-ऑर्डिनेटिंग, सबॉर्डिनेटिंग, कोरिलेटिव्ह अशी यादी धडाधड म्हणतात. पण वाक्य लिहायला दिलं की 'ऑल्दो'च्या मागे 'बट' येतो, 'अनलेस'च्या वाक्यात 'नॉट' घुसतो आणि 'नो सूनर'चा प्रश्न कोरा राहतो. प्रकार कसे समजावायचे आणि या चुका कशा थांबवायच्या?

ताई, 'नो सूनर'ची अडचण वेगळी आहे, ती शेवटी घेऊ. पहिल्या दोन चुकांचं मूळ मात्र एकच आहे आणि ते मुलांच्या मराठीत आहे. मुलं मराठी अगदी बरोबर बोलतात, आणि मराठीची वाक्य बांधायची रीत तशीच इंग्रजीत उतरवतात. ही रीत आधी त्यांना दाखवून द्या. यादीचा उपयोग त्यानंतर.

मराठी दोन वाक्यं बांधताना दोन्ही टोकांना गाठ मारते. जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, जिथे–तिथे, जसं–तसं. 'जरी विहीर खोल होती, तरी ती कोरडी होती.' पहिल्या वाक्याला 'जरी', दुसऱ्याला 'तरी'. इंग्रजीत हेच वाक्य एका गाठीत होतं: 'ऑल्दो द वेल वॉज डीप, इट वॉज ड्राय.' मुलाला 'तरी'ची जागा मोकळी दिसते, तिथे काहीतरी राहून गेलं असं वाटतं, म्हणून तो 'बट' भरतो. 'बिकॉज'नंतर 'सो' येतो तोही याच कारणाने.

आपल्या बोलीत तर आणखी एक गोष्ट घडते. वऱ्हाडीत माणूस सहसा 'जर' म्हणतच नाही. 'पानी आला तं पेरू' एवढंच म्हणतो. पहिली गाठ गळून जाते आणि फक्त 'तं' उरतो, तोही दुसऱ्या वाक्याच्या बाजूला. इंग्रजीचा 'इफ' मात्र पहिल्या, म्हणजे अटीच्या वाक्यात बसतो. त्यामुळे बोलीत विचार करणारा मुलगा 'रेन कम्स देन वुई विल सो' असं लिहितो (इथला 'सो' म्हणजे पेरणे). त्याने 'तं'चं 'देन' केलं, पण 'देन' हे क्रियाविशेषण आहे. ते वाक्यं जोडत नाही, म्हणून ही दोन वाक्यं सुटीच राहिली. बरोबर वाक्य: 'इफ इट रेन्स, वुई विल सो.' मुलांना सांगा, आपण गाठ 'तं'वर मारतो, इंग्रजी ती 'इफ'वर मारते. हे एकदा फळ्यावर दोन बाणांनी दाखवलं की लक्षात राहतं.

आता एक मोजणी शिकवा. प्रकारांच्या नावांआधी हीच शिकवावी, असं माझं ठाम मत आहे. वाक्यातल्या काळ दाखवणाऱ्या क्रियापदांखाली रेघ मारायची. 'डिड नॉट कम', 'हॅज गॉन', 'विल सो' हे प्रत्येकी एकच क्रियापद धरायचं. 'टु गो', 'गोइंग' अशी काळ न दाखवणारी रूपं मोजायची नाहीत. मग वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना गोल करायचा. गोल हे रेघांपेक्षा बरोबर एकने कमी हवेत: दोन क्रियापदं तर एक गोल, तीन क्रियापदं तर दोन. 'ऑल्दो द वेल वॉज डीप, बट इट वॉज ड्राय' या वाक्यात रेघा दोन आणि गोलही दोन. एक जास्त झाला. 'ऑल्दो' खोडा किंवा 'बट' खोडा, कोणताही एक काढला की वाक्य बरोबर. 'द रोड वॉज बॅड, द बस डिड नॉट कम' यात रेघा दोन, गोल एकही नाही. इथे एक कमी पडला, कारण नुसता स्वल्पविराम दोन पूर्ण वाक्यं जोडू शकत नाही.

या मोजणीला काही अपवाद आहेत. ते पहिल्याच दिवशी सांगू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. 'आयदर–ऑर', 'नो सूनर–दॅन', 'सो–दॅट' अशी जोडी एकच गोल धरायची. 'ही सेड ही वॉज टायर्ड' यात 'दॅट' गाळलेला असतो, तो मनात धरायचा. 'हू', 'विच', 'व्हॉट' हे शब्द कंजंक्शन नसले तरी जोडण्याचं काम करतात, म्हणून त्यांनाही गोल. 'कॉटन अँड तूर' यातला 'अँड' दोन नामं जोडतो, वाक्यं नाही, त्याला गोल नाही. तीन क्रिया एकापाठोपाठ आल्या, जसं 'शी स्वेप्ट, कुक्ड अँड लेफ्ट', तर मधला स्वल्पविराम हा लपलेला 'अँड' समजायचा.

जुन्या व्याकरणांत 'दो–येट' ही जोडी मान्य आहे, आणि गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी ती शिकवली असेल तर ते चुकलेले नाहीत. पण 'दो–बट' कोणत्याच व्याकरणात बसत नाही. मुलांनी परीक्षेत 'दो'च्या वाक्यानंतर नुसता स्वल्पविराम द्यावा, ते सगळ्यांत सुरक्षित.

इतकं झालं की प्रकार सोपे होतात. मराठी व्याकरणात मुलं 'प्रधानत्वसूचक' आणि 'गौणत्वसूचक' हे दोन गट शिकतात. इंग्रजीतले को-ऑर्डिनेटिंग आणि सबॉर्डिनेटिंग म्हणजे जवळजवळ तेच. बंडीला दोन बैल एका जूखाली, दोघांचा खांदा सारखा: हे को-ऑर्डिनेटिंग. ट्रॅक्टरमागे ट्रॉली: हे सबॉर्डिनेटिंग. ट्रॉली एकटी चालत नाही आणि अडकवायचा दांडा ट्रॉलीलाच असतो. ट्रॉली जिकडे जाईल तिकडे दांडा सोबत जातो. म्हणून 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' हे शब्द आपल्या गौण वाक्याला सोडत नाहीत. वाक्य पुढे न्या, मागे न्या, ते त्याच्याच तोंडाशी राहतात.

ओळखायची कसोटीही यातूनच निघते. 'चिखलदरा इज कूल बिकॉज इट लाइज हाय इन द सातपुडा.' आता 'बिकॉज'पासूनचा तुकडा उचलून पुढे आणा: 'बिकॉज इट लाइज हाय इन द सातपुडा, चिखलदरा इज कूल.' अर्थ टिकला, म्हणून हा सबॉर्डिनेटिंग. 'चिखलदरा लाइज हाय इन द सातपुडा, सो इट इज कूल.' यातला 'सो'चा तुकडा पुढे आणून पाहा: 'सो इट इज कूल, चिखलदरा लाइज हाय…' अर्थ मोडला. म्हणून हा को-ऑर्डिनेटिंग. तो नेहमी मधेच बसतो, जूसारखा.

स्वल्पविरामाचा नियमही इथेच सांगून टाका. गौण वाक्य आधी आलं तर ते संपल्यावर स्वल्पविराम. मुख्य वाक्य आधी आलं तर 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' यांच्या आधी सहसा काही नको. को-ऑर्डिनेटिंग शब्दाने दोन पूर्ण वाक्यं जोडली असतील तर त्या शब्दाच्या आधी: 'द वर्धा मीट्स द वैनगंगा, अँड द रिव्हर इज देन कॉल्ड द प्राणहिता.'

को-ऑर्डिनेटिंग शब्द मोजके सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'फॅनबॉइज' असा शब्द होतो, तो मुलांना आवडतो. 'फॉर' कारण सांगतो, पण आजच्या साध्या लिखाणात फारसा येत नाही. ओळखता आला तरी पुरे. वेळ द्यायचा तो 'ऑर'ला आणि 'नॉर'ला. आपण म्हणतो 'गावात पाणी आणि वीज नाही', म्हणून मुलं 'देअर इज नो वॉटर अँड इलेक्ट्रिसिटी' लिहितात. नकार असला की दोन्ही गोष्टींना तो लागू करायला इंग्रजीत 'ऑर' लागतो: 'देअर इज नो वॉटर ऑर इलेक्ट्रिसिटी.' 'नॉर'ने दुसरं वाक्य सुरू झालं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'ही डिड नॉट कम, नॉर डिड ही कॉल.' 'नॉर'मध्येच नकार आहे, म्हणून पुढे 'नॉट' नको.

'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर' हे शब्द अर्थाने 'बट', 'सो', 'अँड'सारखे आहेत, पण उभयान्वयी अव्ययं नाहीत. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. गोल करायच्या वेळी यांना वगळायचं.

आता सगळ्यांत जास्त गोंधळ करणारे मराठीचे दोन शब्द घेऊ: 'म्हणून' आणि 'की'. यांच्यावर एक पूर्ण संध्याकाळ द्या.

मराठी व्याकरणात 'म्हणून' एका गटात राहत नाही. तो परिणामबोधकात आहे, उद्देशबोधकात आहे आणि स्वरूपबोधकातही आहे. इंग्रजीत या तीन कामांना तीन वेगळे शब्द आहेत. 'विहीर आटली म्हणून बोअर मारला': इथे परिणाम आहे, म्हणून 'सो'. 'पोरं शिकावीत म्हणून त्याने अमरावतीला खोली केली': इथे उद्देश आहे, म्हणून 'सो दॅट'. 'तो पास झाला म्हणून कळलं': इथे काय कळलं ते सांगितलं आहे, म्हणून 'दॅट'. मुलांना खूण द्या: 'म्हणून'च्या आधीचं क्रियापद 'वा–वी–वं'ने संपत असेल (शिकावीत, मिळावा, यावं) तर 'सो दॅट', आणि त्यासोबत 'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'विल' किंवा 'वुड' यांपैकी एक. 'ही टुक अ रूम इन अमरावती सो दॅट हिज चिल्ड्रन कुड स्टडी.' मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की 'कॅन'चा 'कुड' होतो, हे विसरू देऊ नका.

'सो' आणि 'दॅट' एकमेकांना लागून असतील तर उद्देश. 'सो' आणि 'दॅट'च्या मधे विशेषण किंवा क्रियाविशेषण आलं तर परिणाम: 'द सन वॉज सो हॉट दॅट द वर्कर्स केम होम अर्ली.' 'टू हॉट टु वर्क'चं 'सो हॉट दॅट दे कुड नॉट वर्क' करायचा प्रश्न नेहमी येतो. 'टू' काढला की 'नॉट' यायलाच हवा, कारण नकार 'टू'च्या पोटात होता.

'म्हणून' आणि 'कारण' यांच्या दिशाही उलट आहेत. 'म्हणून'च्या आधी कारण असतं, 'कारण'च्या नंतर. बोलीतला 'काहून का' हा 'कारण'सारखाच वागतो: 'आलो नाही, काहून का पानी होता.' 'बिकॉज' बरोबर याच्या जागी बसतो. तरी मुलं 'इट वॉज रेनिंग बिकॉज आय डिड नॉट कम' लिहितात. त्यांच्या मनात 'पाऊस होता म्हणून आलो नाही' असतं आणि 'म्हणून'च्या जागी ती 'बिकॉज' टाकतात. त्यांना विचारायला लावा: या शब्दाच्या पुढे कारण आहे की परिणाम? कारण असेल तर 'बिकॉज', परिणाम असेल तर 'सो'.

'की'ची चार कामं. 'त्याने सांगितलं की बस गेली': 'दॅट'. 'चहा घेतोस की दूध?': 'ऑर'. 'बस येईल की नाही माहीत नाही': 'वेदर'. 'पाऊस थांबला की निघू': 'ॲज सून ॲज' किंवा 'व्हेन'. चार वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकातल्या 'की'ऐवजी मराठीतच दुसरं काय म्हणता येईल ते मुलांकडून काढून घ्या. शेवटच्यात 'थांबल्याबरोबर' म्हणता येतं, दुसऱ्यात 'किंवा' म्हणता येतं. जिथे दुसरं काही सुचत नाही आणि आधी सांगणं, कळणं, वाटणं असं क्रियापद आहे, तिथे 'दॅट'. 'दॅट'च्या आधी 'ही टोल्ड' आलं तर कोणाला ते लिहावंच लागतं: 'ही टोल्ड मी दॅट…'. 'ही सेड'ला ते लागत नाही, आणि 'ही सेड मी' ही चूक.

आता 'अनलेस'. पाठ्यपुस्तकं त्याचा अर्थ 'जर… नाही तर' असा देतात. अर्थ बरोबर आहे, पण त्यातला 'नाही' मुलाच्या हातून 'नॉट' लिहवतो. त्यापेक्षा 'अनलेस' हा 'ल्याशिवाय' म्हणून शिकवा. आपल्याकडे दर जूनमध्ये शेतकऱ्यांना सांगितलं जातं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. या वाक्यात नकार एकदाच आहे, 'करू नका'मध्ये. इंग्रजीतही तसंच: 'डू नॉट सो अनलेस इट हॅज रेन्ड ७५ टु १०० मिलिमीटर्स.' 'शिवाय'च्या वाक्यात आपण 'नाही' घालत नाही, तसा 'अनलेस'च्या वाक्यात 'नॉट' नाही. मुलांना हे लगेच पटतं, कारण 'पाऊस न झाल्याशिवाय' हे कानालाच खटकतं.

यात एक बारकावा आहे. 'शिवाय' तेव्हाच बसतो जेव्हा मुख्य वाक्यात नकार असतो. मुख्य वाक्य होकारी असलं, जसं 'द क्रॉप विल ड्राय अनलेस इट रेन्स', तर मराठीत 'पाऊस आला नाही तर पीक वाळेल' असंच म्हणावं लागतं. तिथे मराठीचा 'नाही' 'अनलेस'च्या पोटात गेला आहे, असं सांगा.

'इफ–नॉट'चं 'अनलेस' करताना तीन गोष्टी कराव्या लागतात, मुलं दोनच करतात. 'इफ ही डज नॉट कम, वुई विल गो.' 'इफ' काढून 'अनलेस' ठेवा. 'डज नॉट' काढा. आणि 'कम'चं 'कम्स' करा, कारण 'डज'ने घेतलेला 'एस' आता क्रियापदाला परत द्यायचा आहे. 'अनलेस ही कम्स, वुई विल गो.' ही तिसरी पायरी राहिली म्हणून गुण जातात. भूतकाळात 'डिड नॉट कम'चं 'केम' होतं, तेही याच कारणाने.

'अन्टिल'ची चूक याच घरची आहे. 'जोपर्यंत बस येत नाही तोपर्यंत थांब' यातल्या 'नाही'मुळे 'वेट अन्टिल द बस डज नॉट कम' असं लिहिलं जातं. याचा इंग्रजीत अर्थ उलटा होतो. 'बस येईपर्यंत थांब' असं मराठी आधी बदलून घ्या: 'वेट अन्टिल द बस कम्स.' 'लेस्ट'ही तसाच, त्याच्या पोटात 'नाही तर' आहे: 'कव्हर द सोयाबीन लेस्ट इट शुड गेट वेट.' त्याच्यासोबत 'शुड' येतो, 'नॉट' येत नाही.

काळाची एक चूकही उभयान्वयी अव्ययांशी बांधलेली आहे. मराठी 'पाऊस पडला तर' असं भूतकाळी रूप वापरते आणि 'पाऊस पडेल तेव्हा' असं भविष्यकाळी. त्यामुळे मुलं 'इफ इट रेन्ड, वुई विल सो' किंवा 'व्हेन इट विल रेन, वुई विल सो' लिहितात. इफ, अनलेस, व्हेन, अन्टिल, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज यांच्या वाक्यात गोष्ट पुढची असली तरी साधा वर्तमानकाळ येतो आणि 'विल' फक्त मुख्य वाक्यात. एक जागा वेगळी: 'आय डू नॉट नो व्हेन ही विल कम.' इथे 'व्हेन'चं वाक्य 'काय माहीत नाही' याचं उत्तर आहे, म्हणजे कर्म आहे, वेळ सांगत नाही. म्हणून 'विल' चालतो. चांगल्या मुलांना हे सांगा, बाकीच्यांना नंतर.

उरलेले गौणत्वसूचक शब्द एका प्रश्नावलीत बसतात. कधी: व्हेन, व्हाइल, सिन्स, बिफोर, आफ्टर, टिल. कुठे: व्हेअर, व्हेअरएव्हर. का: बिकॉज, सिन्स, ॲज. कशासाठी: सो दॅट, लेस्ट. कोणत्या अटीवर: इफ, अनलेस, प्रोव्हाइडेड दॅट. असं असूनही: दो, ऑल्दो, ईव्हन दो. कसं: ॲज, ॲज इफ. कोणापेक्षा: दॅन. मुख्य वाक्याला हा प्रश्न विचारायचा. गौण वाक्य उत्तर देतं. 'सिन्स' दोन जागी आला आहे: मुख्य वाक्यात 'हॅव–हॅज' असेल आणि 'सिन्स'नंतर भूतकाळ, तर बहुधा वेळ, नाहीतर कारण. 'व्हाइल'च्या वाक्यात दोन गोष्टींची तुलना असेल तर तो वेळ सांगत नाही, विरोध दाखवतो: 'भंडारा ग्रोज पॅडी, व्हाइल यवतमाळ ग्रोज कॉटन.'

बिफोर, आफ्टर, सिन्स, टिल हे शब्दयोगी अव्ययंही असतात. 'आफ्टर स्कूल'मध्ये पुढे नुसतं नाम आहे, 'आफ्टर द स्कूल क्लोज्ड'मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद आहे. यांपैकी फक्त दुसऱ्यातला 'आफ्टर' कंजंक्शन. हाच फरक 'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ'चा, 'दो' आणि 'इन स्पाइट ऑफ'चा, 'व्हाइल' आणि 'ड्युअरिंग'चा. पुढे क्रियापदासह वाक्य असेल तर पहिला, नाम असेल तर दुसरा. 'इन स्पाइट ऑफ'मध्ये 'ऑफ' आहे, 'डिस्पाइट'मध्ये नाही. 'डिस्पाइट ऑफ' लिहू देऊ नका.

संयुक्त, मिश्र आणि केवल वाक्याचं रूपांतर याच फरकावर उभं आहे. एकच वाक्य तिन्ही घरांतून फिरवा. संयुक्त: 'गाडगेबाबा डिड नॉट गो टु स्कूल, बट ही टोल्ड पीपल टु एज्युकेट देअर चिल्ड्रन.' मिश्र: 'दो गाडगेबाबा डिड नॉट गो टु स्कूल, ही टोल्ड पीपल टु एज्युकेट देअर चिल्ड्रन.' केवल: 'इन स्पाइट ऑफ नॉट गोइंग टु स्कूल, गाडगेबाबा टोल्ड पीपल टु एज्युकेट देअर चिल्ड्रन.' रेघा मोजा: पहिल्या दोन्हींत दोन, तिसऱ्यात एकच, कारण 'गोइंग' काळ दाखवत नाही. केवल वाक्यात वाक्यं जोडणारा कंजंक्शन राहतच नाही. मुलाने 'इन स्पाइट ऑफ ही डिड नॉट गो' लिहिलं तर ही मोजणीच ते पकडून देते. हीच फेरी 'सो–बिकॉज–बिकॉज ऑफ'ची करा: 'लोणार लेक इज राउंड बिकॉज अ मीटिओराइट स्ट्रक द प्लेस', आणि केवल वाक्यात 'बिकॉज ऑफ अ मीटिओराइट इम्पॅक्ट'.

जोडीने येणारे, म्हणजे कोरिलेटिव्ह शब्द आले की मुलं विचारतात, आता इंग्रजीत दोन शब्द कसे चालले? उत्तर असं की बोथ–अँड, आयदर–ऑर, नायदर–नॉर, नॉट ओन्ली–बट ऑल्सो या जोड्या दोन सारख्या गोष्टींना धरतात, दोन बैलांच्या दोन बाजूंसारख्या. म्हणून जोडीच्या पहिल्या शब्दानंतर जे येईल तसलंच दुसऱ्यानंतर यायला हवं. 'ही ग्रोज नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो तूर': नाम, नाम. 'ही नॉट ओन्ली ग्रोज कॉटन बट ऑल्सो सेल्स इट': क्रियापद, क्रियापद. 'ही नॉट ओन्ली ग्रोज कॉटन बट ऑल्सो तूर' हे लंगडं वाक्य, एका बाजूला क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला नुसतं नाम.

क्रियापद कोणाकडे बघून ठरवायचं? आयदर–ऑर, नायदर–नॉर, नॉट ओन्ली–बट ऑल्सो यांत जवळच्या कर्त्याकडे बघून: 'नायदर द फार्मर नॉर हिज सन्स वेअर ॲट होम', पण 'नायदर द सन्स नॉर द फार्मर वॉज ॲट होम'. बोथ–अँड नेहमी अनेकवचनी. 'ॲज वेल ॲज' पहिल्या कर्त्याकडे बघतो. आणि 'दोघंही आले नाहीत' यासाठी 'बोथ डिड नॉट कम' नको, 'नायदर ऑफ देम केम' लिहा.

'नो सूनर' शेवटी ठेवा, पण सोडू नका. त्याची भीती सहायक क्रियापदाची असते. 'पाऊस थांबला की बाया शेतात गेल्या': 'ॲज सून ॲज द रेन स्टॉप्ड, द विमेन वेन्ट टु द फील्ड.' आधी 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर' लिहा. मग पहिल्या क्रियापदाचा काळ पाहा. भूतकाळ असेल तर 'डिड', वर्तमान असेल तर कर्त्याप्रमाणे 'डू' किंवा 'डज'. तो शब्द कर्त्याच्या आधी ठेवा. क्रियापद मूळ रूपात आणा, म्हणजे 'स्टॉप्ड'चं 'स्टॉप'. मधला स्वल्पविराम खोडून तिथे 'दॅन' लिहा. दुसऱ्या वाक्याला हात लावू नका. 'नो सूनर डिड द रेन स्टॉप दॅन द विमेन वेन्ट टु द फील्ड.' 'हॅड' वापरायचा असेल तर क्रियापदाचं तिसरं रूप ठेवा: 'नो सूनर हॅड द रेन स्टॉप्ड दॅन…'.

तीन चुका हमखास होतात: 'डिड… स्टॉप्ड', 'दॅन'ऐवजी 'व्हेन', आणि 'दॅन'चं स्पेलिंग टी-एच-ई-एन. 'दॅन' का, याचं उत्तर 'सूनर'च्या शेवटात आहे. 'टॉलर', 'बिगर'सारखंच ते तुलनेचं रूप आहे, आणि तुलनेनंतर टी-एच-ए-एन येतो. 'हार्डली' आणि 'स्कार्सली' तुलनेची रूपं नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत 'व्हेन': 'हार्डली हॅड द रेन स्टॉप्ड व्हेन द विमेन वेन्ट टु द फील्ड.' हे कारण समजलं की जोडी पाठ करावी लागत नाही.

सरावासाठी बोलीतली ही वाक्यं द्या आणि वहीत रेघा-गोल करूनच इंग्रजी लिहायला लावा. 'पानी आला तं कापूस भिजल': 'इफ इट रेन्स, द कॉटन विल गेट वेट.' 'भाव कमी होता तरी इकला': 'दो द प्राइस वॉज लो, ही सोल्ड इट.' 'बस आल्याशिवाय जाऊ नको': 'डू नॉट गो अनलेस द बस कम्स', किंवा 'अन्टिल द बस कम्स'. 'पोरगी शिकावी म्हून मायनं शिलाई केली': 'द मदर डिड टेलरिंग सो दॅट हर डॉटर कुड स्टडी.' 'घंटी वाजली की पोरं पयाली': आधी 'ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन', मग 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन'. या शेवटच्या वाक्यात 'रँग'चं 'रिंग' झालं का आणि 'रॅन' तसंच राहिलं का, एवढं प्रत्येक वहीत तपासा.